कान फुटणे : दमणगंगेच्या खोऱ्यातील एका जुन्या दुखण्याचा इतिहास

मध्यकर्णाचा जुनाट पूयुक्त दाह म्हणजे कानाच्या पडद्याला भोक पडून त्यातून आठवडेच्या आठवडे, कित्येकदा वर्षानुवर्षे, पू किंवा चिकट पाणी येत राहणे. मराठी घरांत याला कान फुटणे किंवा कान वाहणे म्हणतात. कान दोन आठवड्यांहून जास्त वाहत राहिला तर जागतिक आरोग्य संघटना तो जुनाट धरते. कानतज्ज्ञ बहुधा सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत थांबून तसे ठरवतात. दुखणे बहुतेक वेळा वयाच्या पहिल्या पाच वर्षांत सुरू होते, पण रुग्णालयाच्या केसपेपरावर ते येते पुष्कळदा विशी-तिशीत. मधली वर्षे कुठे जातात, हा या रोगाच्या इतिहासातला कळीचा प्रश्न आहे. कान फुटका राहण्याची जी कारणे वैद्यक सांगते ती घर, चूल, पाणी, बाळाचे संगोपन आणि दवाखान्याचे अंतर यांच्याशी जोडलेली आहेत. त्यामुळे या कारणांचा मागोवा घेताना एखाद्या खोऱ्यातली माणसे कशी राहत आली, याचाच मागोवा घ्यावा लागतो.

दुधनी हे दादरा आणि नगर हवेलीच्या डोंगराळ पट्ट्यातले गाव. सिलवासापासून खानवेलमार्गे सुमारे ४० किलोमीटरवर, मधुबन धरणाच्या जलाशयाच्या काठी ते वसले आहे. दमणगंगा नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात सह्याद्रीवर उगम पावते, या मुलखातून वाहते आणि सुमारे १३१ किलोमीटरचा प्रवास करून दमणजवळ समुद्राला मिळते. खोऱ्यात वारली, कोकणा, धोडिया, काथोडी आणि कोळी समाजांची वस्ती आहे. वारली, मराठी, गुजराती आणि हिंदी या भाषा इथे एकाच बाजारात ऐकू येतात. इथे वर्षाला २०० सेंटिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे वर्षातले चार महिने ओल, सर्दी-पडसे आणि घरातच पेटती चूल असे जातात. कानाच्या दृष्टीने ही परिस्थिती प्रतिकूल आहे.

कान वाहण्याची कारणे शोधण्याचा प्रयत्न भारतात फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत. त्यांत कर्णस्राव, कर्णपाक, पूतिकर्ण आणि कृमिकर्ण अशी वेगवेगळी नावे येतात. कर्णस्रावाची कारणे म्हणून डोक्याला मार बसणे, पाण्यात बुडी मारणे आणि आत गळू होऊन पिकणे यांचा उल्लेख आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात कर्णरोगांच्या कारणांची सुरुवातच पडशापासून केली. त्याच्या जोडीला जलक्रीडा आणि कान कोरणे-खाजवणे ठेवले. नाकातले पडसे आणि कानातला पू यांना एकत्र पाहणारी ही नजर विलक्षण आहे, कारण नाकामागचा घसा आणि मध्यकर्ण यांना जोडणारी नळी, म्हणजे कंठकर्ण नलिका, त्या ग्रंथांत वर्णिलेली नाही. संबंध दिसला तो निरीक्षणातून, शवविच्छेदनातून नव्हे. उपचारांतही पूरण म्हणजे कानात औषध भरणे, धूपन म्हणजे धुरी देणे, धावन म्हणजे धुणे आणि प्रमार्जन म्हणजे पुसून कोरडा करणे असे टप्पे सांगितले होते. यातले शेवटचे आजही पहिल्या क्रमांकाचे आहे. कापसाच्या किंवा स्वच्छ सुती कापडाच्या वातीने कान कोरडा करण्याशिवाय कोणतेही थेंब नीट काम करत नाहीत.

घरगुती परंपरेने या ज्ञानातले काही उचलले, काही सोडले. पूरणाला मोठे स्थान मिळाले आणि पुसणे मागे पडले. लसूण टाकून कोमट केलेले तेल, झेंडूच्या किंवा तुळशीच्या पानांचा रस, रुईचे पिकले पान तूप लावून शेकून पिळलेला रस, आईचे दूध: यांतले काही ना काही कानात घालण्याची रीत महाराष्ट्रभर आणि त्याच्या सीमेवरच्या मुलखात सापडते. पडदा शाबूत असताना कोमट तेलाने दुखऱ्या कानाला थोडा आराम वाटतो आणि नुकसान सहसा होत नाही. पडदा फाटलेला असेल तर मात्र हेच तेल मध्यकर्णात उतरते, तिथली ओल टिकवते आणि पानाच्या रसाबरोबर आलेली माती व जंतू आत पोचवते. कान दुखतो आहे तेवढ्यावर भागवायचे की पडदा फुटला आहे हे ओळखायचे, यासाठी कानात प्रकाश टाकून पाहणारे साधन लागते. ते घरात नव्हते, भगताकडेही नव्हते.

तान्ह्या बाळाच्या संगोपनातल्या रीती याहून महत्त्वाच्या आहेत, कारण रोगाची सुरुवात त्याच वयात होते. मालिश करणारी बाई बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालते, कानात तेलाचे थेंब सोडते, अंघोळीनंतर कानात फुंकर मारते आणि मग ओवा, वावडिंग, धूप यांची धुरी देते. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते आणि दारे-खिडक्या वारा लागू नये म्हणून बंद. वरचे दूध पाजायला बोंडले वापरत आणि बाळाला मांडीवर आडवे धरत. लहान मुलाची कंठकर्ण नलिका आखूड, रुंद आणि जवळजवळ आडवी असते; मोठेपणी ती लांब व तिरपी होते. आडवे पडून दूध गिळताना घशातले दूध आणि जंतू या नळीतून मध्यकर्णाकडे जाऊ शकतात. विसाव्या शतकात बोंडल्याची जागा दुधाच्या बाटलीने घेतली, पण आडवे पाजण्याची सवय कायम राहिली. बाटलीने दूध पिणाऱ्या मुलांत कानाचे संसर्ग अधिक आढळतात, आणि पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध मिळालेल्या मुलांत कमी. या बाबतीत आदिवासी घरांची जुनी रीत मुलाच्या बाजूची होती. तिथे आईचे दूध दीर्घकाळ चालू असे आणि बाटली फार उशिरा आली.

मुंबईसारख्या शहरात कान साफ करणे हा एक व्यवसायच होता. पागोट्यात सुया व कापूस खोचून, पेटीत तेलाची कुपी घेऊन हे कारागीर स्टेशनांबाहेर आणि बाजारांत बसत. मळ काढताना पडद्याला इजा होण्याची आणि एकाच सुईने अनेकांचे कान कोरण्याची जोखीम त्यात होती. खेड्यात त्यांचे काम काडी, पीस किंवा केसात लावायचा आकडा करत असे. कान कोरण्याने जुनाट दाह फार थोड्यांना होतो. आधीच फुटलेला कान मात्र खाजतो, म्हणून कोरला जातो आणि त्यामुळे तो पुन्हा वाहू लागतो.

युरोपात या रोगाचे आकलन वेगळ्या वाटेने गेले. बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाने १५६२ मध्ये कान आणि घसा यांना जोडणाऱ्या नळीचे सविस्तर वर्णन केले; इंग्रजीत ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. तरीही पुढची दोनशे वर्षे अनेक वैद्य असे मानत होते की कानातून येणारा पू मेंदूतून झिरपतो आणि तो थांबवणे धोक्याचे आहे. जोव्हानी बात्तिस्ता मोर्गान्यी याने १७६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात क्रम उलटा असल्याचे दाखवले: आधी कान पिकतो, मग तो संसर्ग मेंदूपर्यंत पोचतो. पू बाहेर पडू द्यावा, अडवला तर आत मुरेल, ही समजूत मात्र पंडितांच्या पुस्तकांतून गेली तरी लोकांत उरली. भारतातल्या दवाखान्यांत उशिरा आणलेल्या मुलांच्या पालकांकडून ती अजून ऐकायला मिळते, आणि उपचार लांबण्याचे ते एक खरे कारण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास डब्लिनचे विल्यम वाइल्ड आणि लंडनचे जोसेफ टॉयन्बी यांनी कानाच्या रोगांना शास्त्रीय पाया दिला. वाइल्ड यांनी १८५३ मध्ये कानाच्या शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहिले आणि वाहत्या कानाकडे दुर्लक्ष करू नये, त्याचा शेवट कशात होईल हे सांगता येत नाही, असा इशारा दिला. त्यांचा मुलगा, नाटककार ऑस्कर वाइल्ड, १९०० मध्ये पॅरिसमध्ये मेंदूच्या आवरणाच्या दाहाने वारला. तो कानाच्या जुन्या संसर्गातून उद्भवला असे बहुतेक अभ्यासक मानतात. १८७३ मध्ये जर्मनीतल्या हाले येथील हेर्मान श्वार्त्झे यांनी कानामागचे मास्टॉइड हाड उघडून पू काढण्याची शस्त्रक्रिया पद्धतशीर मांडली. त्याआधी कानातून मेंदूकडे गेलेला संसर्ग म्हणजे जवळजवळ निश्चित मृत्यू होता.

याच काळात कानाच्या जुनाट दाहाचे दोन प्रकार वेगळे ओळखू येऊ लागले. एकात भोक पडद्याच्या मधोमध असते, पाणी पातळ किंवा चिकट असते आणि ते सर्दीबरोबर वाढते. दुसऱ्यात भोक पडद्याच्या कडेला किंवा वरच्या भागात असते, स्राव थोडा पण अतिशय दुर्गंधीयुक्त असतो आणि आत त्वचेच्या पेशींचा गोळा वाढत जाऊन हाड खातो. या गोळ्याला योहानेस म्युलर यांनी १८३८ मध्ये कोलेस्टिआटोमा हे नाव दिले. पहिल्या प्रकाराला पूर्वी सुरक्षित आणि दुसऱ्याला असुरक्षित म्हणत. हे शब्द आता मागे पडत आहेत, आणि ते योग्यच आहे, कारण पहिल्या प्रकारातही ऐकू कमी येणे हे नुकसान होतेच. मूल बोलायला शिकते त्या वर्षांत ऐकू कमी येणे म्हणजे भाषा आणि शाळा दोन्हींवर घाला.

हे सारे ज्ञान हाले, व्हिएन्ना, लंडन इथे घडत असताना दुधनीचा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. मराठ्यांच्या आरमाराने १७७२ मध्ये एका पोर्तुगीज जहाजाचे नुकसान केले होते. त्याच्या भरपाईपोटी व मैत्रीच्या तहान्वये नगर हवेलीची गावे १७८३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. दादरा १७८५ मध्ये त्यांनी मिळवले. हा प्रदेश दमणच्या अखत्यारीत होता. पोर्तुगीज भारताचे वैद्यकीय शिक्षण गोव्यात होते. पणजीला १८४२ मध्ये वैद्यकीय-शल्य विद्यालय सुरू झाले. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज त्यानंतर तीन वर्षांनी, १८४५ मध्ये निघाले. दोन्ही संस्था पश्चिम किनाऱ्यावरच्या, पण दमणगंगेच्या वरच्या खोऱ्यातल्या पाड्यांपासून सारख्याच दूर. ताप, देवी, प्लेग अशा साथींकडे सरकारचे लक्ष जाई, कारण त्या माणसे पटापट मारत. कान वाहणारे मूल मरत नसे, कामालाही जात असे. म्हणून त्याची दखल घेण्याची गरज ना सरकारला वाटली, ना जमीनदाराला.

त्या काळच्या घरांकडे पाहिले की पुढे जोखमीचे घटक म्हणून मांडल्या गेलेल्या बहुतेक गोष्टी तिथे दिसतात. वारली घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, त्यावर शेणमातीचा लेप, छप्पर गवताचे किंवा पेंढ्याचे. खिडक्या नसत, असल्या तर नावापुरत्या. एका अंगाला गुरे, एका अंगाला चूल, आणि तिथेच सगळ्या कुटुंबाची निजण्याची जागा. पावसाळ्यात ओली लाकडे जळत आणि धूर छपरातूनच वाट काढे. घर थंडीला ऊबदार आणि उन्हाळ्याला गार राही. बांबू, माती, गवत यांचा इतका समजून केलेला वापर क्वचितच कुठे दिसतो. पण धुराने नाक-घशाच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस दुबळे होतात, कंठकर्ण नलिकेचे आतले अस्तर सुजते, मध्यकर्णात हवा खेळत नाही आणि तिथे पाणी साचते. शेजारी झोपलेल्या भावंडाच्या खोकल्यातून आलेले जंतू त्या पाण्यात वाढतात. कुपोषणाने शरीराची लढण्याची ताकद आधीच कमी झालेली असते. प्रत्येक गोष्ट एकेकटी असती तर मुलाने निभावून नेले असते.

गोवर हे या कारणांच्या साखळीतले सर्वांत घातक कडे होते. गोवरामध्ये घशापासून कानापर्यंतचे अस्तर एकदम दुबळे होते आणि त्यावर होणारा जिवाणूंचा हल्ला पडद्याचा मोठा भाग खाऊन टाकतो. असे भोक सहसा आपोआप भरत नाही. गोवरानंतर कान फुटला ही हकिगत वयस्क रुग्णांच्या इतिहासात वारंवार येते. भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला आणि गोवराची लस त्यात होती. कानासाठी म्हणून कोणी ती दिली नाही. तरी कानाच्या इतिहासात तिचे स्थान कोणत्याही थेंबांच्या औषधापेक्षा वरचे आहे.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाले. सिलवासा २ ऑगस्टला. सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा भाग केंद्रशासित प्रदेश म्हणून भारतात सामील झाला. १९६२ च्या गणनेत लोकसंख्या होती ५७,९६३. सिलवासाच्या मुख्य सरकारी रुग्णालयाला विनोबा भावे यांचे नाव दिले गेले. पाड्यापासून डांबरी रस्ता, रस्त्यावरून खानवेल आणि खानवेलहून सिलवासा अशी उपचाराची वाट हळूहळू तयार झाली.

सीमेपलीकडे, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, याच समाजांमध्ये आणखी एक काम चालू होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. आदिवासी मुलांसाठी त्यांनी घडवलेल्या बालवाडी-अंगणवाडीच्या दिवसाची सुरुवात अंग, नाक, कान, केस यांच्या स्वच्छतेपासून होत असे. वाहणारे नाक पुसणे हे शिक्षणाचे काम आहे असे मानणाऱ्या या दोघी होत्या. मध्यकर्णाच्या रोगाचे मूळ नाकात आहे हे लक्षात घेतले तर त्यांच्या या आग्रहाचे वैद्यकीय मोलही कळते.

दमणगंगेवरच्या प्रकल्पाचे काम १९७२ च्या सुमारास सुरू झाले. मधुबन येथे धरण उभे राहिले आणि वरच्या खोऱ्यातली नदीकाठची शेते व वस्त्यांचा काही भाग पाण्याखाली गेला. दुधनीला नदीऐवजी जलाशय मिळाला. आज तिथे नौकाविहारासाठी पर्यटक येतात. पोहणारी मुले मात्र आधीही होती आणि आताही आहेत. सुश्रुत-वाग्भटांनी जलक्रीडेला दोष दिला होता आणि फुटक्या कानाच्या रुग्णाला डॉक्टर आजही पाण्यात डोके बुडवू नको असे बजावतात. साचलेल्या, गढूळ पाण्यातून स्यूडोमोनास जातीचे जिवाणू कानात जातात. जुनाट वाहत्या कानात सर्वाधिक सापडणाऱ्या जंतूंत हे आहेत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि प्रोटिअस हे त्यांचे सोबती. तरीही पाण्यावर सरसकट ठपका ठेवता येत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या दोन दुर्गम आदिवासी वस्त्यांत क्लोरिनयुक्त पाण्याचे तलाव बांधल्यावर मुलांच्या पडद्याची भोके कमी झाल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. नंतरच्या अभ्यासांत तसा फायदा स्पष्ट आढळला नाही. पाणी नाक-घसा धुऊन काढते तेव्हा ते उपकारक ठरू शकते. फुटक्या कानात गढूळ पाणी शिरते तेव्हा ते घातक असते.

औषधांच्या बाबतीत विसावे शतक निर्णायक ठरले. १९३० च्या दशकात सल्फा आणि १९४० च्या दशकात पेनिसिलिन आल्यावर तीव्र कर्णदाहातून मेंदूपर्यंत जाणारा संसर्ग झपाट्याने घटला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या व्हुल्श्टाइन आणि त्स्योल्नर यांनी फाटलेला पडदा आणि मोडलेली हाडांची साखळी पुन्हा उभारण्याची शस्त्रक्रिया, टिम्पॅनोप्लास्टी, रूढ केली. पुढे कानाच्या वरच्या स्नायूवरील पातळ आवरण पडद्यासाठी वापरले जाऊ लागले. रुग्णाच्या स्वतःच्या शरीरातून मिळणारे, स्वस्त आणि टिकाऊ असे हे साहित्य असल्यामुळे ती शस्त्रक्रिया जिल्हा पातळीवर करता येण्यासारखी झाली. १६ जुलै १९९१ रोजी मुंबईच्या इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशनने सुरू केलेल्या लाइफलाइन एक्सप्रेस या रेल्वेतल्या रुग्णालयात मोतीबिंदू व दुभंगलेल्या ओठांबरोबर फुटक्या कानांच्या शस्त्रक्रियाही पहिल्यापासूनच्या कामांत होत्या. डॉक्टरकडे रुग्ण येत नसेल तर शस्त्रक्रियागृहच त्याच्याकडे न्यायचे, ही त्यामागची धारणा.

जोखमीच्या घटकांची पद्धतशीर गणना मात्र अलीकडची आहे. १९९६ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत, ज्या लोकसमूहात हा रोग ४ टक्क्यांहून अधिक आहे तिथे तो तातडीने हाताळण्याचा सार्वजनिक प्रश्न मानावा, असे ठरले. २००४ च्या अहवालात जगभर ६.५ कोटी ते ३३ कोटी लोकांचे कान वाहतात आणि त्यांतल्या सुमारे ६० टक्क्यांना ऐकण्याचा लक्षणीय दोष आहे, असा अंदाज दिला. सर्वाधिक प्रमाण असलेल्यांच्या यादीत टांझानिया, सॉलोमन बेटे, ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी, ग्रीनलंड यांच्याबरोबर भारत होता. भारताचा आकडा ७.८ टक्के दिला होता. ही यादी पाहिली की रोगाचा संबंध एखाद्या वंशाशी लावण्याचा मोह होतो, आणि तसे प्रयत्न झालेही. पण ऑस्ट्रेलियातल्या निरीक्षणांतून दिसले की दाटीच्या घरांतल्या बाळांच्या नाक-घशात जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच रोगकारक जंतू ठाण मांडतात. जंतू जितके लवकर, तितका कान जुनाट होण्याचा धोका जास्त. दाटी आणि गरिबी यांचा हिशेब लावल्याशिवाय वंशाची गोष्ट करणे अन्यायाचे आहे.

पुढच्या दोन दशकांत भारतासह अनेक देशांतल्या रुग्णालयांनी आपल्या रुग्णांची माहिती तपासली. त्यातून पुन्हा पुन्हा पुढे येणारे घटक असे: लहानपणी झालेला तीव्र कर्णदाह, वारंवार सर्दी-पडसे, वाढलेले अॅडिनॉइड, ॲलर्जी, घरातली विडी-सिगारेट आणि चुलीचा धूर, एका खोलीत अनेकांचे निजणे, आईचे कमी शिक्षण, अपुरा आहार, रक्तक्षय. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांत कंठकर्ण नलिका उघडणारे स्नायूच नीट काम करत नसल्याने मध्यकर्णात पाणी साचणे जवळजवळ ठरलेलेच असते. रुग्णालयात दीर्घकाळ नाकातून नळी घातलेल्या किंवा कृत्रिम श्वासावर ठेवलेल्या रुग्णांतही कंठकर्ण नलिकेचे तोंड सुजून मध्यकर्णात पाणी साठू शकते. हा मुद्दा अतिदक्षता विभाग वाढल्यावरच लक्षात आला.

रुग्णालयातल्या आकड्यांचा अर्थ लावताना मात्र सावध राहावे लागते. सरकारी रुग्णालयात गरीब रुग्ण जास्त येतात, म्हणून तिथल्या कानाच्या रुग्णांत गरीब जास्त आढळणारच. खरी तुलना त्याच रुग्णालयात दुसऱ्या तक्रारींसाठी आलेल्या, कान निरोगी असलेल्यांशी करावी लागते. दुसरी अडचण आठवणीची. तिशीतल्या माणसाला तान्हेपणी बाटलीने दूध दिले होते का, हे कोण सांगणार? आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे जो आलाच नाही त्याची. दूरच्या पाड्यावरचा, मजुरी बुडू नये म्हणून न आलेला, कान वाहणे वयाबरोबर थांबेल असे मानणारा रुग्ण या नोंदीत नसतो. दवाखान्याचे अंतर हा जोखमीचा घटक रुग्णालयाच्या तक्त्यात कमी दिसतो, तो याच कारणाने. तो पाहायचा तर शाळेत आणि घरोघरी कान तपासावे लागतात.

त्या दिशेने दोन सरकारी पावले पडली. बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. त्यात मध्यकर्णाचा संसर्ग हे टाळता येण्याजोग्या बहिरेपणाचे प्रमुख कारण मानून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना कान तपासण्याचे प्रशिक्षण देण्यावर भर होता. दुसरे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. त्याचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला, म्हणजे दुधनीच्या शेजारच्याच मुलखात. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी व शाळांत तपासणी आणि ३० आरोग्य स्थितींचा शोध अशी त्याची रचना आहे. त्या तिसांत मध्यकर्णाचा दाह आहे. वैद्यकीय पथक मुलापर्यंत जाते, हा यातला खरा बदल. यापूर्वी अनेक तरुणांना आपला पडदा फुटलेला आहे हे पहिल्यांदा कळे ते सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत बाद झाल्यावर.

धुराच्या बाबतीत १९८० च्या दशकातली निर्धूर चुलीची मोहीम खेड्यात फारशी टिकली नाही. मे २०१६ पासूनच्या उज्ज्वला योजनेने गॅस शेगडी घरोघरी पोचवली, तरी जिथे सरपण फुकट मिळते तिथे दुसरे सिलिंडर भरून आणणे जड जाते आणि चूल पुन्हा पेटते. लसीकरणात आलेली न्यूमोकॉकसची लस भारतात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने देण्यात येऊ लागली. ती तीव्र कर्णदाहाचे एक कारण कमी करते. वाहता कान बरा करत नाही.

दाटीची जागा मात्र बदलली. करसवलतींमुळे १९८० च्या दशकापासून सिलवासाभोवती कारखाने आले आणि प्रदेशाची लोकसंख्या १९९१ मधल्या १,३८,४७७ वरून २०११ मध्ये ३,४३,७०९ झाली. बाहेरून आलेले कामगार चाळींच्या एकेका खोलीत पाच-सहा जण राहतात, तिथेच स्टोव्ह आणि तिथेच झोप. एके काळी पाड्यातल्या कुडाच्या घराबद्दल जे लिहिले गेले ते आता सिमेंटच्या खोलीलाही लागू पडते. दुसरीकडे दिवाळीनंतर डोंगरपट्ट्यातली कुटुंबे वीटभट्ट्या आणि बागायतीच्या कामावर बाहेर पडतात. झापात किंवा प्लास्टिकच्या खोपीत राहतात, धूळ आणि धुरात मुले वाढतात, आणि सुरू केलेले थेंब संपले की पुढची बाटली मिळत नाही.

सिलवासात २०१९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याच्या नव्या संकुलाचे उद्घाटन झाले. विनोबा भावे रुग्णालय त्याला जोडलेले आहे. शिकवणारे रुग्णालय आल्याने कान-नाक-घसा विभाग, श्रवणचाचणी आणि सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रिया या गोष्टी मुंबई, नाशिक किंवा सुरतेला न जाता मिळू शकतात. टिम्पॅनोप्लास्टीनंतर कान सहा आठवडे तरी कोरडा ठेवावा लागतो आणि नवा पडदा धरला की नाही हे सुमारे तीन महिन्यांनी तपासले जाते. दुधनीच्या परिसरातल्या रुग्णाला शस्त्रक्रियेची तारीख देताना पावसाळा, जलाशयातली मासेमारी आणि स्थलांतराचा हंगाम विचारात घ्यावा लागतो. जूनमध्ये बसवलेला पडदा पावसात कोरडा ठेवणे जड जाते आणि नोव्हेंबरमध्ये बसवलेल्याची तपासणी करायला रुग्ण गावात नसतो. शस्त्रक्रियेसाठी सोयीचा काळ उरतो तो भट्ट्यांवरून परतल्यानंतरचा आणि पाऊस सुरू होण्याआधीचा, जेमतेम एप्रिल-मे एवढा. तोही पुरेसा ठरायचा तर तिसऱ्या महिन्यातली तपासणी भर पावसात खानवेललाच होण्याची सोय असावी लागते.